पंक्तिप्रपंच

यंदाच्या गणेशचतुर्थीस अमेरिकेत राहणारा माझा पुतण्या सहकुटुंब घरी आला होता. नैवेद्य झाला, पुरुषांची पंगत उठली आणि विडा घेऊन आम्ही आठदहा मंडळी ओटीवर येऊन बसलो. विषय अर्थातच अमेरिकेचा निघाला. पुतण्या तेथे वीस वर्षे राहिलेला. त्यामुळे त्याच्या बोलण्यास प्रत्यक्षाचा आधार. गोऱ्याकाळ्यांचा भेद तेथे अजून किती खोल मुरलेला आहे, दर पिढीच्या वाट्यास एखादे युद्ध कसे येतेच, आजारी मनुष्य रोगापेक्षा दवाखान्याच्या बिलास कसा भितो, आणि बाळंतपणाची पगारी रजा सर्व नोकरदार स्त्रियांस देणारा देशव्यापी कायदा त्या श्रीमंत राष्ट्रात अद्याप कसा नाही, हे सर्व त्याने सांगितले. आम्ही मधून मधून ‘अरेरे’ म्हणत होतो. खरे बोलावयाचे तर त्या ‘अरेरे’त दुःखापेक्षा समाधान अधिक होते. एवढे मोठे राष्ट्र, पण आत पाहावे तो हे असे! आपण बरे, ही भावना प्रत्येकाच्या तोंडावर दिसत होती, माझ्याही असणार.

स्त्रियांच्या हक्कांचा मुद्दा रंगात आला असता आमचे कुटुंब माजघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, “अमेरिकेतल्या बायकांचा प्रश्न सुटला असेल, तर आम्ही आमची पाने मांडावी म्हणते.”

घड्याळात साडेतीन वाजले होते. पहाटेपासून चुलीपाशी असलेल्या बायका अजून जेवावयाच्या होत्या. ओटीवर वारंवार पाणी आणि चहा पोचविण्यात त्यांची पंगत राहून गेली होती. सर्वांनी हसून वेळ साजरी केली. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही, आणि मनात एक जुना शब्द फिरत राहिला: पंक्तिप्रपंच.

आमच्या पिढीच्या वाचकांस हा शब्द समजावून सांगावयास नको, तरुणांसाठी सांगतो. एकाच पंगतीत यजमानाच्या जावयाच्या पानावर साजूक तुपाची धार धरावी आणि टोकाशी बसलेल्या गरीब भाऊबंदाच्या भातावर तुपाचा नुसता वास दाखवावा, ह्यास पंक्तिप्रपंच म्हणत. आपल्या वाडवडिलांनी ते पाप मानले. मौज अशी की, तोच गरीब भाऊबंद मांडव घालावयास आणि पाणी भरावयास सर्वांच्या आधी बोलाविलेला असे. कामाच्या वेळी तो घरचा; वाढतेवेळी तो टोकाचा. समाजातील बहुतेक अन्यायांची मेख मला ह्या एका गोष्टीत दिसते. घेताना सारे आपले. देताना मात्र निवड.

प्रथम अमेरिकेचा हिशेब पाहू. १८६१ ते १८६५ ह्या काळात तेथे गुलामगिरीच्या प्रश्नावरून यादवी युद्ध झाले. उत्तरेच्या सैन्यातून सुमारे १,८०,००० काळे शिपाई लढले. गोळी कातडीचा रंग पाहून लागत नसे. पगार मात्र रंग पाहून मिळे. गोऱ्या शिपायास महिना १३ डॉलर, काळ्यास १०, आणि त्यांतूनही कपड्यांपायी ३ कापलेले. हा भेद १८६४ साली कायद्याने काढावा लागला. पुढे १९३५ साली वृद्धांस व बेकारांस आधार देणारा सामाजिक सुरक्षेचा थोर कायदा झाला. परंतु शेतमजूर आणि घरकामाच्या बाया त्यातून वगळल्या गेल्या. दक्षिणेतील काळ्या लोकांपैकी फार मोठा भाग ह्याच दोन कामांवर पोट भरीत होता. कायद्यात वर्णाचे नावही नव्हते, आणि पंगत तर विभागली गेली!

दुसऱ्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक काळे अमेरिकन सैन्यात होते, तेही वेगळ्या पलटणींत. घरी परतणाऱ्या सैनिकांस शिक्षण व घरकर्ज मिळावे म्हणून १९४४ साली कायदा झाला. त्याचे वाटप स्थानिक अधिकारी आणि बँका ह्यांच्या हाती होते, आणि दक्षिणेत काळा सैनिक बहुधा रिकाम्या हाताने परतला. सैन्यातील हा भेद मोडण्याचा हुकूम अध्यक्ष ट्रूमन ह्यांनी १९४८ साली काढला. त्याच युद्धात हजारावर अमेरिकन स्त्रियांनी लष्करी विमाने चालविली. त्यांपैकी ३८ जणी कामावर असताना मेल्या. सरकारदरबारी त्या सैनिक नव्हत्या, म्हणून त्यांना सैनिकी इतमाम नव्हता. माजी सैनिक ही मान्यता त्यांना १९७७ साली मिळाली.

येथवर आले की ‘अरेरे’ म्हणण्याचा मोह पुन्हा होतो. तेव्हा आता आपल्या किनाऱ्याचा हिशेब मांडणे प्राप्त आहे.

इंग्रजांच्या मुंबई फौजेत कोकणातील महार शिपाई पिढ्यान्‌पिढ्या होते. दापोली, महाड ह्या बाजूस निवृत्त सुभेदार-हवालदारांची घरे होती. १८९० नंतर त्यांची भरती बंद झाली. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून गोपाळबाबा वलंगकर ह्या निवृत्त लष्करी गृहस्थांनी १८९४ साली अर्ज तयार केला. उपयोग झाला नाही. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली, तेव्हा १९१७ साली महारांची पलटण उभी राहिली. युद्ध संपले आणि १९२१ साली ती मोडली. पुन्हा युद्ध आले. १९४१ साली पुन्हा उभी राहिली. ही वागणूक परक्या सरकारची, असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी ह्याच लोकांना २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या मागून जावे लागले. ते तळे इंग्रजांनी अडविले नव्हते.

अमेरिकेकडे आरसा म्हणून पाहणारी माणसे आपल्याकडे पूर्वीच होऊन गेली. जोतीराव फुले ह्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या अमेरिकन सज्जनांस अर्पण केले. पंडिता रमाबाई १८८६ साली डॉ. आनंदीबाई जोशी ह्यांच्या पदवीदान समारंभासाठी तिकडे गेल्या, पुढे जवळजवळ तीन वर्षे राहिल्या, आणि १८८९ साली त्यांचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हे मराठी पुस्तक निघाले. त्या देशातील स्त्रियांच्या संस्थांची त्यांनी मनापासून वाखाणणी केली आणि तेथील वर्णद्वेषावर बोटही ठेवले. स्तुती करताना डोळे मिटले नाहीत, निंदा करताना जीभ सोडली नाही.

आमच्या घरच्या कपाटात हे पुस्तक नव्हते. रमाबाईंनी धर्म बदलला, तेवढ्यावरून त्यांचे नाव आमच्या ओटीवर निषिद्ध होते. आणि त्याच ओटीच्या मागच्या माजघरात, ज्या स्त्रियांसाठी रमाबाईंनी शारदासदन काढले, त्यांपैकीच एक आयुष्य कंठीत होती.

ती माझ्या आजोबांची धाकटी बहीण. आम्ही तिला आत्याआजी म्हणत असू. नवव्या वर्षी लग्न, अकराव्या वर्षी वैधव्य, आणि तेव्हापासून आलवण. घरातील वीस माणसांचा स्वयंपाक, आमची बाळंतपणे, आजारपणे, पापड-कुरडया, आगोटीची बेगमी, सारे तिच्या हातचे. तिच्या हातचे सर्वांना चाले. मंगलकार्यात तिचे समोर येणे मात्र चालत नसे. ती साठी ओलांडली आणि तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू आले. वेंगुर्ल्यास मिशनचा दवाखाना होता. तेथे जावे असे कोणी सुचविले. घरातील वडीलधाऱ्यांनी विचार करून नकार दिला. सोवळ्या बाईने तिकडचे पाणी कसे प्यावे, अंगास कोणाचा हात लागेल, लोक काय म्हणतील! आत्याआजीला कोणी विचारलेच नाही. मी दहा वर्षांचा होतो. पुढली चार वर्षे सकाळी तिचा हात धरून तिला विहिरीवर नेणे हे माझे काम होते. ती आंधळी होऊन गेली. माझ्या माणसांत द्वेष नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. पूर्वग्रहास द्वेषाची गरज लागत नाही; त्यास सदाचरणाचे सोवळे नेसता येते, आणि म्हणूनच तो घरात सुखाने नांदतो.

त्या वेंगुर्ल्याची आणखी एक हकीकत मला फार उशिरा कळली. तेथील अमेरिकन मिशनचे डॉक्टर गोहीन ह्यांच्या घरी १५ ऑगस्ट १९१९ रोजी एक मुलगा जन्मला. रॉबर्ट गोहीन त्याचे नाव. पंधराव्या वर्षी तो अमेरिकेस गेला, महायुद्धात सैन्यात राहिला, नंतर ग्रीक-लॅटिनचा पंडित झाला आणि १९५७ साली प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला. पुढे १९७७ ते १९८० ह्या काळात तोच गृहस्थ अमेरिकेचा राजदूत म्हणून आपल्या देशात आला होता. आमच्या किनाऱ्याची माती लागलेला असा पुरुष म्हणून मला त्याचे अगत्य. पण त्याहून अधिक अगत्य दुसऱ्या एका कारणाने.

१७४६ साली स्थापन झालेल्या त्या विद्यापीठात पदवीच्या वर्गात मुलींना प्रवेश नव्हता. आपल्या कोकणच्या अण्णासाहेब कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढले ते १९१६ साली, हे मी येथे अभिमानाने नोंदवितो. आणि आत्याआजीचे डोळे त्यानंतर पन्नास वर्षांनी गेले, हेही नोंदविले पाहिजे. आरंभी गोहीन ह्यांनाही मुलींना घेण्याची निकड वाटत नव्हती, आणि तसे ते बोललेही होते. पुढे दोनतीन वर्षांतच त्यांनी आपले मत बदलले, प्रश्नाचा रीतसर अभ्यास करविला, जुन्या विद्यार्थ्यांचा रोष पत्करला, आणि १९६९ साली मुली त्या वर्गांत येऊन बसल्या. अधिकाराच्या जागेवर बसलेल्या विद्वानाने ‘माझे चुकले’ एवढे कृतीने म्हणावे, हे मला मोठे वाटते. कारण मला ते जमलेले नाही.

आता ती गोष्ट सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. चाळीस वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक गाबित मुलगी होती. बाप होडीवर, आई मासळीच्या पाटीवर. तिचे पाठांतर असे की, तपासनीस आले की मी तिलाच उभी करीत असे. स्नेहसंमेलनातील स्वागतपद्य तिच्याच गळ्यातून निघे, आणि शाबासकी माझ्या पदरात पडे. आठवीत विषय निवडतेवेळी तिने संस्कृतासाठी नाव दिले. मी तिला जवळ बोलावून, अगदी मायेने, म्हणालो, “तुला ह्याचा काय उपयोग? हिंदी घे, सोपे जाईल.” त्याच आठवड्यात आमच्या भाऊबंदांतील एका मंद मुलास मी आग्रहाने संस्कृतास बसविले. तिने मान हलविली आणि हिंदी घेतले. मी तिचे बरेच केले, असे मला कित्येक वर्षे वाटत होते. तपासनिसांपुढे ती शाळेची. संस्कृताच्या पानावर ती टोकाची. वाढपी मीच होतो.

पुतण्या निघण्यापूर्वी पुन्हा बोलणे झाले. जातीवरून भेदभाव करण्यास मनाई करणारा नियम सिअ‍ॅटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये केला. अमेरिकेतील शहरांत तो पहिला. तिकडील आपल्या पुष्कळ मंडळींना तो अपमान वाटला, असे पुतण्या म्हणाला. मी त्यास विचारले, “आपण सामानात तूप, लोणचे, गणपती सारे नेतो, तेवढी जातच मुंबईच्या विमानतळावर राहिली असेल काय?” तो हसला, पण थोड्या वेळाने गंभीर झाला. दुसऱ्या एका गृहस्थांनी गोरगरिबांना मिळणाऱ्या सरकारी मदतीचा विषय काढला आणि लोक फुकटे झाल्याची तक्रार केली. मला दरमहा निवृत्तिवेतन येते आणि तेही सरकारी तिजोरीतूनच येते, ह्याची मी त्यांना नम्रपणे आठवण दिली. आपल्या पानावर पडते तो हक्क आणि दुसऱ्याच्या पानावर पडते ती भीक, हे गणित अमेरिकेतही असेच मांडतात, असे पुतण्याने सांगितले.

वाचकहो, अमेरिकेची निंदा करू नये असे माझे म्हणणे नाही. तेथील दोष खरे आहेत, आणि ते मोजणारी माणसेही तेथेच निपजली आहेत. माझे म्हणणे एवढेच की, दुसऱ्याच्या मांडवातील पंक्तिप्रपंच मोजून झाल्यावर आपल्या हातातील तुपाच्या भांड्याकडेही एकदा पाहावे.

पुढच्या वर्षी चतुर्थीस एकच पंगत बसवावयाची, असे घरात ठरले आहे. कुटुंबाचा त्यावर अद्याप विश्वास नाही, आणि तो नसणे रास्त आहे.

ती गाबित मुलगी आता पन्नाशीच्या पुढे आहे. बाजारात भेटते. पाटी खाली ठेवून नमस्कार करते आणि विचारते, “गुरुजी, बरे आसास मां?” मी बरा आहे म्हणतो आणि पुढे जातो. हा लेख तिला वाचून दाखवावा, असे लिहिताना ठरविले आहे. उद्या बाजारास जावयाचे आहेच.