नुसते ओठ हलव

मुलांनो, माझं आजोळ कोकणात. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही सगळी मावस-मामे भावंडं तिथे जमायचो आणि दुपारी मोठी माणसं झोपली की माळ्यावर चढायचो. माळ्यावर मामाची पत्र्याची ट्रंक होती. ती उघडायची नाही असा आजीचा सक्त हुकूम. म्हणजे पहिल्यांदा तीच उघडायची, हे तुम्हाला सांगायला नकोच!

ट्रंकेत कॅसेटी होत्या. मामा तरुणपणी पिंपरीला कारखान्यात नोकरीला होता, तिथल्या मित्रांकडून त्याने त्या भरून आणल्या होत्या. दोन कॅसेटींवर त्याच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं, 'न्यू वेव्ह - १' आणि 'न्यू वेव्ह - २'. "मामा, हे काय रे?" मी विचारलं. "नवी लाट," तो म्हणाला. मला वाटलं, आत समुद्राचा आवाज असणार. घरामागेच तर समुद्र होता, तो कशाला कुणी कॅसेटमध्ये भरून आणेल? टेप लावला, तर आतून टुंग-टुंग, झूंऽऽ असं काहीतरी यायला लागलं. आजी झोपेतून उठून म्हणाली, "बंद करा ते, मशीन बिघडलंय."

मशीन बिघडलं नव्हतं. ती गाणीच तशी होती. मला त्यातला एक शब्द कळत नव्हता, आणि तरी त्या सुट्टीत ती कॅसेट मी इतक्या वेळा ऐकली की टेपची फीत अडकून बाहेर आली. मग पेन्सिल घालून ती गुंडाळत बसायचं. (हे काय असतं ते आई-बाबांना विचारा, त्यांना हौसेने सांगता येईल.)

आता ही नवी लाट म्हणजे काय ते सांगते. साधारण १९७६-७७ च्या सुमारास इंग्लंडमध्ये 'पंक' नावाचं संगीत आलं. गिटारचे तीन-चार सूरमेळ येत असले की झालं, उभं राहायचं आणि जोरात गायचं. नीट शिकलेलं असायलाच हवं, असं काही नाही. त्याच्या पाठोपाठ जी मंडळी आली, त्यांनी पंकचं हे धाडस तेवढं घेतलं आणि आरडाओरडा कमी केला. त्याच सुमारास सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज तयार करणारी पेटी, स्वस्त व्हायला लागली. जपानच्या कोर्ग, रोलँड अशा कंपन्यांची वाद्यं साध्या घरातल्या मुलांनाही परवडू लागली. त्यातल्या बऱ्याच पेट्यांची गंमत अशी की एका वेळी एकच सूर वाजायचा. आपल्या बाजाच्या पेटीवर कशा दोन-तीन पट्ट्या एकदम दाबता येतात, तसं इथे नाही. मग एका बोटाने वाजवणाऱ्याचंही काम भागायचं! डी.एड.ला असताना मी घाम गाळत पेटीवर राष्ट्रगीत बसवलं होतं, तेव्हा मला ही माणसं फार जवळची वाटली.

माझ्या आवडीचं पहिलं गाणं, 'डोन्ट यू वॉन्ट मी'. इंग्लंडमध्ये शेफील्ड नावाचं पोलादाच्या कारखान्यांचं शहर आहे, तिथल्या 'ह्यूमन लीग' या गटाचं. १९८० मध्ये या गटातले दोघं जण ऐन दौऱ्याच्या तोंडावर सोडून गेले. राहिला गायक फिलिप ओकी. तो एका नाचाच्या क्लबात गेला, तिथे दोन मैत्रिणी नाचत होत्या, जोअ‍ॅन आणि सुझन. एक अठरा वर्षांची, दुसरी सतराची, दोघी अजून शाळेत. व्यवसाय म्हणून गाण्याचा दोघींनाही काही अनुभव नव्हता. त्याने तिथेच विचारलं, येता का आमच्याबरोबर दौऱ्यावर? मग त्यांच्या आई-वडिलांची परवानगी काढावी लागली. पालकहो, तुमच्या दारात असा एक तरुण आला असता तर? मी तर दारच उघडलं नसतं! पण त्यांनी परवानगी दिली, आणि १९८१ च्या नाताळात हे गाणं इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर होतं. एक मुलगा तक्रार करतो, 'मी तुला मोठं केलं' म्हणतो, आणि मग मुलगी ठणकावून आपली बाजू सांगते, असं ते गाणं आहे. तिची बाजू गाणारी सुझन. गंमत म्हणजे ओकीला स्वतःला हे गाणं फारसं पसंत नव्हतं, म्हणून ते तबकडीत अगदी शेवटी टाकलं होतं. त्या दोघी पुढे चाळीसहून अधिक वर्षं त्याच गटात गात राहिल्या.

दुसरं गाणं गॅरी न्यूमनचं, १९७९ चं, 'आर फ्रेंड्स इलेक्ट्रिक?'. हा मुलगा स्टुडिओत गेला होता गिटारची गाणी ध्वनिमुद्रित करायला. तिथे दुसऱ्या कुणाचातरी सिंथेसायझर ठेवलेला होता. याने सहज एक पट्टी दाबली, तर अख्खी खोली हादरली म्हणे. तिथून त्याची वाटच बदलली. हे गाणं तो घरी पियानोवर बसवत होता, तेव्हा एका ठिकाणी त्याचं बोट चुकलं आणि भलताच सूर वाजला. त्याला तो चुकीचा सूरच जास्त आवडला. त्याने तोच ठेवला.

हे मी वाचलं, त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. का, ते सांगते. सांगायला लाज वाटते, तरी सांगते.

काही वर्षांपूर्वी माझ्या तिसरीच्या वर्गात एक मुलगा होता. नाव सांगत नाही. आवाज भरड, पट्टी कुठलीच नाही, पण गायला सगळ्यांत पुढे. २६ जानेवारीच्या समूहगीताच्या सरावात त्याचा एकट्याचा आवाज वेगळा यायचा. पाहुणे येणार होते. मी त्याला बाजूला घेतलं आणि म्हटलं, "बाळा, तू नुसते ओठ हलव हं." त्याने मान डोलावली. कार्यक्रमाच्या दिवशी इतके छान ओठ हलवले त्याने, की कुणाला कळलंसुद्धा नाही. गाण्याला टाळ्या पडल्या. पंधरा दिवसांनी त्याची आई वह्यांचे पैसे द्यायला आली आणि जाता जाता म्हणाली, "बाई, हा आताशा घरीपण गुणगुणत नाही. काही बोलला का तुम्हाला?" मी म्हटलं, "नाही."

तिसरं गाणं जर्मन आहे, '९९ लुफ्टबलॉन्स', म्हणजे नव्याण्णव फुगे. जर्मनीतही नवी लाट आली होती, तिचं नावच 'नवी जर्मन लाट'. तेव्हा बर्लिन शहराच्या मधोमध भिंत होती. १९८२ मध्ये पश्चिम बर्लिनला एका मोठ्या कार्यक्रमात खूप फुगे सोडले. 'नेना' या गटाचा गिटारवाला ते बघत होता. त्याच्या मनात आलं, हे फुगे वाऱ्याने भिंतीपलीकडे गेले तर? तिकडच्या सैनिकांना काय वाटेल? गाण्यात तसंच होतं. फुग्यांना शत्रू समजून विमानं उडतात, युद्ध पेटतं, सगळं बेचिराख होतं. शेवटी गाणारी मुलगी त्या पडझडीतून चालते, तिला एक फुगा सापडतो आणि ती तो सोडून देते. चाल मात्र उड्या मारायला लावणारी! १९८४ मध्ये अमेरिकेत हे गाणं दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं, तेही जर्मनमधूनच. ऐकणाऱ्या कितीजणांना जर्मन येत असेल? आमच्या माळ्यावरच्यासारखंच की ते!

गेल्या वर्षी ही तिन्ही गाणी मी चौथीच्या वर्गात मोबाइलवर ऐकवली. न्यूमनच्या गाण्याला पहिल्या बाकावरून शेरा आला, "बाई, पिठाची गिरणी!" फुग्यांचं गाणं तिसऱ्यांदा लावलं तेव्हा सगळा वर्ग 'लुफ्टबलॉन्स' ओरडत होता, उच्चार काहीच्या काही. या २६ जानेवारीला समूहगीताला अख्खा वर्ग उभा केला, एकतीसच्या एकतीस, आणि सगळ्यांनी आवाज काढून गायचं असं ठरवलं. दुसरं कडवं साफ घसरलं. माझ्याच बरोबरीच्या एक बाई नंतर म्हणाल्या, "यंदा सराव कमी पडला वाटतं." मी काही बोलले नाही.

तो मुलगा आता नववीत आहे, शेजारच्या गावी हायस्कूलला जातो. जूनमध्ये एस.टी.च्या थांब्यावर भेटला. उंच झालाय, मिसरूड फुटलंय. "नमस्कार बाई," म्हणाला. मी इकडचं-तिकडचं विचारलं आणि मग धीर करून म्हटलं, "तिसरीत मी तुला गाण्यात नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं ना, ते माझं चुकलं रे."

तो हसला. "काय बाई, मला तर आठवतपण नाही," असं म्हणाला आणि गाडी येतेय का ते बघायला वळला. गाडी यायला अजून दहा मिनिटं होती.