आत्याबाईंची वाकळ

हिशेबात दोन रुपयांचा फरक आला तर तो शेवटच्या पानावर कधीच सापडत नाही. मागे कुठेतरी नोंद चुकलेली असते. तिथपर्यंत उलटे जावे लागते. बी.कॉम. होऊन गेली वीस वर्षे आम्ही ऑफिसात हेच काम करतो. तरीही घरातल्या एका वाकळेचा हिशेब आम्हाला सहा महिने जुळवता आला नाही. त्यासाठी साताऱ्याहून थेट सांगली जिल्ह्यात भिलवडीला जावे लागले. त्या प्रवासाची ही हकीकत.

आत्याबाई म्हणजे आमच्या सासूबाई. गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. मागे त्यांच्या पेटीत निघाली ती अर्धवट वाकळ. इतर जिल्ह्यांत गोधडी म्हणतात, आपल्या सातारा-सांगलीकडे वाकळ. आत त्यांच्या लुगड्यांचे आणि सासऱ्यांच्या धोतरांचे थर. वर इरकलीचे काठ, नातवंडांच्या फ्रॉकचे तुकडे, आमच्या नोकरीच्या पहिल्या दिवशीच्या साडीचा पदर. नमुना मोठा अवघड. बाहेर मोठा चौकोन, त्याच्या आत लहान, त्याच्या आत आणखी लहान, आणि प्रत्येक चौकोनाच्या कडेला त्रिकोणी ठिगळांची रांग. चारही कोपऱ्यांत त्रिकोणांची टोके एकमेकांना भिडली पाहिजेत. मधला दीड हात भाग तेवढा राहिला होता.

पुतणी पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती. तिने फोनवर एकच मागितले, "काकी, बाळाला आजीची वाकळ पाहिजे." आम्ही दोघी जावांनी हसत हो म्हटले. दीड हात तर शिवायचे!

त्या दीड हाताने आम्हाला रडवले. रोज रात्री भांडी आवरली की आम्ही सुया घेऊन बसायचो. दिवसभर आकडे पाहून डोळे शिणलेले, त्यात दोरा ओवायचा. चार फेरे घातले की कापड मध्येच फुगायचे. हाताने दाबले की फुगा दुसरीकडे सरकायचा. त्रिकोणांची टोके कधी बोटभर अलीकडे, कधी बोटभर पलीकडे. मधला भाग पातळ लागतो म्हणून आम्ही आत एक जुनी नायलॉनची साडी घडी करून सारली, तर गोष्ट आणखी बिघडली. एका रात्री जाऊबाईंनी वाकळ कोपऱ्यात टाकली. म्हणाल्या, "आत्याबाईंनी नमुनाच असा काढला की कुणाला संपवता येऊ नये." आम्हीही मान डोलावली. पुढे दोन महिने वाकळ तशीच पडून होती. येता-जाता ती दिसायची आणि जेवण गोड लागायचे नाही.

शेवटी पुतणीला सातवा महिना लागला, तेव्हा आम्हाला मावशींची आठवण झाली. त्या आत्याबाईंच्या धाकट्या बहीण, भिलवडीला असतात. दुसऱ्या शनिवारी वाकळ चादरीत बांधली आणि आम्ही दोघी निघालो.

सातारा स्टेशन गावापासून लांब, माहुलीच्या अंगाला. गाडीत गाठोडे मांडीवर घेऊन बसलो. कोरेगाव, रहिमतपूर, कराड मागे पडले. पुढे ताकारी, किर्लोस्करवाडी. दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. हा कृष्णाकाठ. इथल्या अंथरुणात सुती वाकळ. पूर्वेला माण-आटपाडीच्या माळावर गेलात तर मेंढीच्या लोकरीची घोंगडी. जिथे जे पिकते आणि जे उरते, तेच अंगावर येते.

समोरच्या बाईंनी गाठोड्यात काय आहे ते विचारले. तिथून बोलणे निघाले ते अमेरिकेपर्यंत गेले. आमच्या महिला मंडळात एकदा गीज बेंड या गावाची माहिती सांगितली होती, तीच त्यांना सांगितली. अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर हे गाव आहे. तिथली वस्ती गुलाम म्हणून राबवलेल्या काळ्या लोकांच्या वंशजांची. शेतात घालून विरलेले कपडे जोडून तिथल्या बाया वाकळा शिवत आल्या. १९६२ साली, हे लोक मतदार म्हणून नाव नोंदवू लागले त्या काळात, गावाची नदीवरची फेरीबोट बंद झाली. ती पुन्हा सुरू व्हायला २००६ साल उजाडले. पण बाया थांबल्या नाहीत. १९६६ साली त्या भागातल्या बायांनी 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही सहकारी संस्था काढून वाकळा विकल्या. २००२ साली त्यांच्या वाकळा ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांच्या भिंतींवर लागल्या. २००६ साली त्यांची चित्रे टपाल तिकिटांवर आली. त्यांचा एक आवडता नमुना आहे चौकोनात चौकोन, अगदी आत्याबाईंसारखा. आत्याबाईंनी अमेरिका नकाशातसुद्धा पाहिली नव्हती. समोरच्या बाई म्हणाल्या, "मग आपल्या वाकळा भितीवर कवा लागायच्या?" आम्हाला उत्तर सुचले नाही.

भिलवडी स्टेशनवर उतरून वडापच्या जीपने गावात गेलो. मावशींच्या घराच्या भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर पाण्याची रेघ अजून पुसट दिसते. २०१९ च्या ऑगस्टातल्या महापुराची. त्या वेळी मावशींच्या सहा वाकळा पाण्यात गेल्या. भिजलेली वाकळ दोन बायांना उचलत नाही. आठ-आठ दिवस वाळत घातल्या तरी कुबट वास गेला नाही, शेवटी टाकून द्याव्या लागल्या. मावशी म्हणाल्या, "भांडी परत घेता येत्यात गं. आईच्या लुगड्याची वाकळ कुठनं आणायची?" पुढे मदतीत आलेल्या साड्यांच्या त्यांनी नव्या वाकळा शिवल्या. बहुतेक साड्या नायलॉनच्या होत्या. त्यातून त्या जे शिकल्या, तेच आमच्या कामाला आले.

चहा झाल्यावर आम्ही वाकळ अंगणात पसरली. मावशी बघून हसल्याच. "आगं, ही वाकळ हाय का भाकरी? फुगलीया कशी!"

मग त्यांनी सगळे समजावून सांगितले. वाकळेचा धावदोरा कडेपासून सुरू होतो आणि फेऱ्या-फेऱ्याने आत येतो. प्रत्येक फेऱ्यात कापड जरासे पुढे ढकलले जाते. सगळे थर आधी ठिकठिकाणी कच्च्या टाक्यांनी टाचून घेतले नाहीत, तर तो झोळ मध्यावर जमा होतो. जिथे काम संपायचे, नेमकी तिथेच अडचण येते. "आन ह्यात नायलॉन घातलंय तुमी? सूत सुताला धरतं. नायलॉन कुणालाच धरत न्हाई, निसतं सरकतं."

मावशींनी बोटाने फेरे मोजत मागे जायला सुरुवात केली. "हितनं तुमचं टाकं सुरू झाल्यात. आक्काचा टाका जुंधळ्याच्या दाण्याएवढा, तुमचा मक्याच्या." आमचे अकरा फेरे निघाले. सगळे उसवायचे! दोन महिन्यांच्या रात्री उसवायच्या म्हणजे जिवावर येते. पण पर्याय नव्हता.

मग मावशींचे बोट आणखी मागे गेले आणि एका कोपऱ्यात थांबले. तिथे त्रिकोण तिरके बसले होते. टाकेही विरळ, एक वर, एक खाली. ते टाके आमचे नव्हते, आत्याबाईंचे होते.

मावशी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग हळूच म्हणाल्या, "हितं आक्काला दिसायचं कमी झालं व्हतं. मोतीबिंदू. मला सांगितलं व्हतं तिनं. तुमाला नगं सांगू म्हणाली, खर्चात पडतील म्हणून."

आम्ही दोघी खालीच पाहत राहिलो. एकाच घरात राहून आम्हाला ते कळले नव्हते. त्या सुईत दोरा ओवून मागायच्या, तेव्हा "थांबा हो जरा, ऑफिसला उशीर होतोय" असे आम्हीच म्हटले होते. पुढचे तीन चौकोन त्यांनी केवळ बोटांनी चाचपून शिवले होते. आणि आम्ही म्हणत होतो, नमुनाच वाईट.

झोळाची सुरुवात त्याच कोपऱ्यातून होती. नियमाने तोही उसवायला हवा होता. जाऊबाईंनी वाकळेवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "ह्याला सुरी लागणार नाही." मावशींनी मान हलवली. "ऱ्हाऊ दे त्यो. आतल्या बाजूला एक चिमटी घेऊ, वर ठिगळ बसवू. तुमचं तेवढं उसवा."

दुपारभर आम्ही उसवत बसलो. नायलॉनची साडी बाहेर काढली, तिच्या जागी मावशींनी आपले जुने सुती पातळ दिले. आळीतल्या चार-पाच जणी आपापल्या सुया घेऊन आल्या. कोपऱ्यांवर दगड ठेवून कापड ताणले, चहूकडून टाचून घेतले. वाकळ प्रथमच जमिनीला सपाट टेकली. संध्याकाळच्या गाडीला निघालो तेव्हा एक हात शिवायचे शिल्लक होते, पण फुगा गेला होता.

परतताना आम्हाला चीवराची आठवण झाली. भिक्खूंचे चीवरही तुकडे जोडूनच होते. मगधातली बांध घातलेली शेते दाखवून तशी आखणी करायला भगवान बुद्धांनी आनंदाला सांगितले, अशी कथा विनयपिटकात आहे. वर्षावासानंतरच्या कठिन चीवराचा तर नियमच असा की, दान मिळालेले कापड त्याच दिवशी कापून, शिवून, रंगवून पुरे करायचे. कठिन म्हणजे कापड ताणून धरण्याची चौकट. एका दिवसात ते एकट्याच्या हातून होत नाही, म्हणून भिक्खू मिळून शिवतात. हे आम्ही कितीदा ऐकले होते. पण घरच्या वाकळेशी एकट्या-दुकट्याने झगडताना ते आठवले नाही.

पुढच्या रविवारी साताऱ्यात आमच्या घरी मंडळातल्या सात जणी जमल्या. सकाळी नऊला बसलो, दिवेलागणीला शेवटचा टाका पडला.

पुतणी आली तेव्हा वाकळ तिच्यापुढे ठेवली. तिने सगळीकडून हात फिरवला आणि त्या तिरक्या कोपऱ्यापाशी थांबून विचारले, "हे असं का गं?" आम्ही तिला सगळे सांगितले, आमच्या उशिराच्या घाईसकट.

भगिनींनो, तुमच्याही घरी पेटीत एखादी अर्धी वाकळ असेल, तर ती बाहेर काढा. चार जणींना बोलवा. आणि घरातले कुणी म्हातारे माणूस सुईत दोरा ओवून मागत असेल, तर आधी त्याचे डोळे तपासून आणा.