भूमिका खाली ठेवताना

मलकापूर सोडून खामगावकडे निघालं की नांदुऱ्याचा १०५ फुटी मारोती लांबूनच दिसायला लागतो. एसटीतली माणसं खिडकीशी सरकतात. कुणी बसल्या जागी हात जोडतं, कुणी मांडीवरच्या लेकराला उभं करून म्हणतं, "तो पाय मारोती!" लेकरू डोळे मोठे करून बघत राहतं. त्याच्या मनात मारोतीचा चेहरा आता या मूर्तीचाच राहील. माझ्या पिढीचं तसं नाही. आम्ही डोळे मिटून मारोती आठवला की दारासिंग उभे राहतात.

१९८७ च्या जानेवारीत दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झालं तेव्हा दारासिंग साठीच्या उंबरठ्यावर होते. कुस्तीच्या आखाड्यातून ते १९८३ मध्येच निवृत्त झाले होते. 'बजरंगबली' चित्रपटात हनुमान करून अकरा वर्षं उलटली होती. तरी त्यांनी पुन्हा गदा उचलली आणि त्या फुगीर मुखवट्याआडून, केवळ डोळ्यांनी, रामापुढचा लीन भाव दाखवला. डोंगर उचलणारा देह आणि जमिनीकडे झुकलेली नजर, हे दोन्ही एकाच माणसात असू शकतं हे आम्हाला त्यांनी शिकवलं.

याच दारासिंगांनी १९६७ मध्ये 'चाँद पर चढाई' नावाच्या चित्रपटात अंतराळवीर होऊन चंद्र गाठला होता. आर्मस्ट्राँगचं पाऊल तिथे पडायला अजून दोन वर्षं होती. मला या योगायोगाचं फार अप्रूप वाटतं. आमच्याच बुलढाणा जिल्ह्यातलं लोणारचं विवर उल्केच्या आघातानं काळ्या बसाल्टमध्ये झालेलं आहे, म्हणून चंद्रावरच्या विवरांचा अभ्यास करणाऱ्यांना ते मोलाचं वाटतं. एका अंगाला मारोती, दुसऱ्या अंगाला चंद्राचा नमुना, आणि दोन्हीकडे जाऊन आलेला एकच पहिलवान! सूर्याला फळ समजून झेपावणाऱ्या बाळाची गोष्ट ऐकत वाढलेल्या माणसांना विज्ञानकथा परकी वाटण्याचं कारणच नव्हतं.

म्हणूनच १९९७ च्या सप्टेंबरात 'शक्तिमान' आला तेव्हा तो लगेच घरचा झाला. पंचमहाभूतं, कुंडलिनी, प्रयोगशाळा आणि अंधाराचा सम्राट किल्विष असं सगळं त्यात एकत्र होतं. मालिका लागली की गल्ल्या ओस पडायच्या. ती संपली की त्याच गल्ल्यांत पोरं एक हात वर करून गरागरा फिरायची आणि भोवळ येऊन धुळीत पडायची. मुलांनी नक्कल करताना जिवाशी खेळू नये, म्हणून शक्तिमान साकारणाऱ्या मुकेश खन्नांना पडद्यावर येऊन समजावावं लागलं. एखाद्या नटाच्या शब्दाला लेकरांच्या लेखी बापाच्या शब्दाइतकं वजन येणं ही थोर गोष्ट आहे, आणि तितकीच जोखमीचीही.

खन्नांच्या वाट्याला भूमिका आल्या त्याही उलट्या क्रमानं. तिशीत ते 'महाभारता'तले पितामह भीष्म झाले आणि चाळिशीला टेकल्यावर उडणारा तरणाबांड नायक. २००५ मध्ये मालिका थांबली. पण २०२४ मध्ये, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, ते पुन्हा तो लालसर पोशाख घालून लोकांसमोर आले. पुष्कळांनी चेष्टा केली. मला ती चेष्टा रुचली नाही. ज्या माणसानं ती मालिका स्वतः निर्माता होऊन उभी केली, तिच्यासाठी खस्ता खाल्ल्या, त्याला तो पोशाख खुंटीला टांगणं जड जाणारच. पण पोशाख दुसऱ्याच्या अंगावर गेल्याशिवाय शक्तिमान पुढच्या मुलांचा होणार नाही, हेही मला तितकंच खरं वाटतं.

रंगभूमीवर हे दुखणं जुनं आहे. डॉ. श्रीराम लागूंनी वैद्यकी सोडून पूर्णवेळ नट व्हायचं ठरवलं आणि १९७० च्या डिसेंबरात 'नटसम्राट' उभं राहिलं. रंगभूमीवरून निवृत्त झालेल्या बेलवलकर नावाच्या नटाची ती गोष्ट. प्रयोगामागून प्रयोग बेलवलकरांची तगमग अंगावर घेणं शरीराला सोपं नव्हतं. पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांनी आपापल्या परीनं तो म्हातारा जिवंत केला. प्रत्येक वेळी 'लागूंची सर नाही' म्हणणारे होतेच. पण ते नट उभे राहिले नसते, तर कुसुमाग्रजांचं नाटक एका माणसाच्या प्रकृतीवर टांगलेलं राहिलं असतं.

या पेचातून विज्ञानकथेनं एक विलक्षण वाट काढली आहे. ब्रिटनच्या बीबीसीवर १९६३ मध्ये 'डॉक्टर हू' सुरू झाली. काळातून प्रवास करणाऱ्या त्या म्हाताऱ्या डॉक्टरची भूमिका विल्यम हार्टनेल करत. तीन वर्षांत त्यांची तब्येत ढासळली, संवाद आठवेनात. मालिका बंद करायची की नट बदलायचा? लेखकांनी ठरवलं की हा डॉक्टर परग्रहावरचा आहे, तेव्हा त्याचं शरीर थकलं की ते नवं होतं. २९ ऑक्टोबर १९६६ च्या भागात हार्टनेल जमिनीवर कोसळतात, कॅमेरा चेहऱ्यावर येतो, चित्र पांढरंफटक उजळतं आणि त्या उजेडातून पॅट्रिक ट्राउटन यांचा चेहरा वर येतो. थकव्याची अडचण हीच कथेची ताकद झाली. त्या एका क्लृप्तीवर ती गोष्ट साठ वर्षं चालली.

मला सगळ्यात भिडतो तो त्यानंतरचा प्रसंग. मालिकेच्या दहाव्या वर्षी 'थ्री डॉक्टर्स' या कथेसाठी हार्टनेल यांना पुन्हा बोलावलं. ते इतके आजारी होते की बसूनच, समोर धरलेल्या फलकांवरचे संवाद वाचत त्यांनी काम केलं. कथेत ते पडद्यावरूनच आपल्यानंतरच्या दोघांना दटावतात आणि वाट दाखवतात. आपली जागा घेतलेल्या माणसांच्या खेळात थोरला म्हणून बसायला मन मोठं लागतं. १९७५ मध्ये ते गेले.

दारासिंगांच्या घरीही असंच हस्तांतर झालं. १९९५ च्या 'जय वीर हनुमान'मध्ये त्यांच्या मुलानं, विंदूनं, गदा उचलली. वस्तादानं पठ्ठ्याला आखाडा सोपवावा तशी भूमिका बापाकडून मुलाकडे गेली.

माझ्या लेखी भूमिका गाजवणं हे नटाचं निम्मंच काम. ती योग्य वेळी खाली ठेवणं, आणि पुढचा ती उचलेल तेव्हा त्याच्या पाठीवर हात ठेवणं, हे उरलेलं निम्मं. पण ते त्याला एकट्याला जमत नाही. त्यात आपला, बघणाऱ्यांचाही वाटा असतो. तेव्हा थकलेल्या नटाला 'आणखी एकदा' म्हणून गळ घालू नका, आणि नव्याला पहिल्याच दिवशी जुन्याच्या मापानं मोजू नका. त्याला थोडा वेळ द्या. जुन्यालाही तो मिळाला होता.