एकदाच घडणारा प्रयोग

भौतिकशास्त्रातून अर्थशास्त्राकडे वळलेल्या विद्यार्थ्याला पहिला धक्का बसतो तो गणिताचा नव्हे. लंबकाचा प्रयोग फसला तर तो पुन्हा करता येतो. १९९१ चे आर्थिक संकट पुन्हा घडवून पाहता येत नाही. देशाच्या अर्थव्यवस्थेचा इतिहास एकदाच घडतो आणि कालश्रेणींच्या अभ्यासकाला त्या एकाच नोंदीतून नियम शोधावा लागतो.

गणित मात्र त्याच्या ओळखीचे असते. लुई बाशलिये यांनी १९०० साली पॅरिसमधील आपल्या प्रबंधात बाजारभावांची यादृच्छिक चाल मांडली. ब्राउनीय गतीवरील आइन्स्टाइन यांचा लेख त्यानंतर पाच वर्षांनी आला. ही जुनी ओळखच त्याला बेसावध करते.

१९२६ साली ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ उडनी यूल यांनी एक विचित्र उदाहरण दिले. १८६६ ते १९११ या काळातील इंग्लंड आणि वेल्सचा मृत्युदर आणि चर्च ऑफ इंग्लंडमध्ये लागणाऱ्या विवाहांचे प्रमाण यांचा सहसंबंध तब्बल ०.९५ होता. कारण एवढेच, की दोन्ही श्रेणी कालौघात घसरत होत्या. १९७४ मध्ये ग्रेंजर आणि न्यूबोल्ड यांनी संगणकावर परस्परांशी काहीही संबंध नसलेल्या यादृच्छिक चाली तयार केल्या. नेहमीच्या कसोटीने सुमारे तीन-चतुर्थांश वेळा त्यांच्यात ‘लक्षणीय’ संबंध असल्याचा निर्वाळा दिला!

म्हणून आलेख जुळला की आनंद मानण्यापूर्वी श्रेणी स्थिर आहे का, हे तपासावे लागते. १९७९ ची डिकी-फुलर कसोटी त्यासाठीच आहे. श्रेणी अस्थिर असेल, तर मूळ आकड्यांऐवजी त्यांतील बदल अभ्यासले जातात. मात्र प्रत्येक जुळणी खोटी नसते. एकाच समभागाचा रोखीचा भाव आणि फ्युचर्सचा भाव दोन्ही भरकटतात, पण त्यांच्यातील अंतर फार काळ वाढत नाही. अशा खऱ्या बंधनाला कोइंटिग्रेशन म्हणतात. ते उलगडल्याबद्दल ग्रेंजर यांना २००३ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

भारतीय आकड्यांत आणखी एक पेच आहे, तो पंचांगाचा. दिवाळी २०२२ मध्ये ऑक्टोबरात आली, २०२३ मध्ये नोव्हेंबरात. परिणामी ऑक्टोबर २०२३ मध्ये औद्योगिक उत्पादनाची वार्षिक वाढ ११ टक्क्यांहून अधिक दिसली आणि पुढच्याच महिन्यात ती ३ टक्क्यांच्या आत आली. कारखान्यांच्या सुट्ट्या सरकल्या होत्या. वाचणाऱ्याला मात्र आधी तेजी आणि मग मंदी दिसली असती.

हा केवळ परीक्षेतला प्रश्न नाही. २०१६ पासून रिझर्व्ह बँकेपुढे महागाईचे ४ टक्के, अधिक-उणे २ टक्के, असे लक्ष्य आहे. रेपो दर ठरताना अशाच श्रेणी वाचल्या जातात आणि त्या दराबरोबर घरकर्जाचा हप्ता हलतो. चुकीच्या वाचनाची किंमत ते आकडे कधीही न पाहिलेले कुटुंब मोजते.

वर्षभर जपलेला सुंदर सहसंबंध श्रेणीतील बदल घेताच विरून जातो, तेव्हा विद्यार्थ्याला वाईट वाटणारच. तरीही तो निष्कर्ष वहीतून खोडण्याचे धैर्य ज्याला होते, त्याने या विषयाचा पहिला आणि सर्वांत कठीण धडा आत्मसात केलेला असतो.