किरणोपचारानंतरची अन्ननलिका आणि यंत्राचा हात

अन्ननलिकेच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया अवघड का, याचे उत्तर त्या अवयवाच्या शेजारात सापडते. सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची ही स्नायूंची नळी श्वासनलिकेच्या व हृदयाच्या मागून, महाधमनीला खेटून खाली उतरते; आतड्यांना असते तसे बाहेरचे गुळगुळीत आवरण तिला छातीत नसते, त्यामुळे भिंतीबाहेर पडलेल्या गाठीला शेजाऱ्यांपर्यंत पोचायला फारसा अडसर उरत नाही. म्हणूनच आसपास पसरू लागलेल्या रोगात आधी केमोथेरपी व किरणोपचार देऊन गाठ आक्रसवायची आणि मग शस्त्रक्रिया करायची, ही रीत रूढ झाली. नेदरलँड्समधील ‘क्रॉस’ चाचणीने २०१२ मध्ये तिला भक्कम आधार दिला. पाच आठवडे केमोथेरपीची दोन औषधे आणि सोबत २३ बैठकांत ४१.४ ग्रे किरणमात्रा घेतल्यावर ज्यांची अन्ननलिका काढली गेली, त्यांच्यापैकी २९ टक्के रुग्णांत सूक्ष्मदर्शकाखालीही कर्करोग उरलेला दिसला नाही. भारतात अधिक आढळणाऱ्या स्क्वॅमस, म्हणजे अस्तराच्या चपट्या पेशींच्या प्रकारात हे प्रमाण ४९ टक्के होते.

शल्यचिकित्सकाला मात्र याच उपचाराची दुसरी बाजू भेटते. किरण न लागलेल्या छातीत अन्ननलिका आणि तिचे शेजारी यांच्यामध्ये पिंजलेल्या कापसासारखा विरळ, पांढुरका थर असतो, आणि त्या थरातून वाट काढत गेले तर रक्त फारसे येत नाही. किरणोपचारानंतर हा थर आधी सुजून ओलसर होतो आणि पुढे आवळत जाऊन घट्ट वण बनतो. म्हणून सूज ओसरलेली आणि वण अजून पक्का न झालेला असा, साधारण सहा ते दहा आठवड्यांनंतरचा काळ शस्त्रक्रियेसाठी निवडला जातो. तरीही घट्ट लागणारा भाग हा नुसता वण आहे की उरलेली गाठ, हे स्कॅन दर वेळी सांगू शकत नाही. छाती उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत हा निवाडा बोटे करीत असत.

रोबोटच्या साहाय्याने केलेल्या शस्त्रक्रियेत नेमकी ही बोटेच बाहेर राहतात. यंत्र स्वतःहून काहीच कापत नाही. शल्यचिकित्सक थोड्या अंतरावरच्या कन्सोलवर बसतो, आणि त्याच्या हातांची हालचाल, कंप गाळून, फासळ्यांमधल्या छिद्रांतून आत गेलेल्या, मनगटासारख्या वळणाऱ्या उपकरणांपर्यंत पोचते. दृश्य त्रिमितीय आणि सुमारे दहापट मोठे दिसते, पण प्रचलित बहुतेक यंत्रांत ऊतकाचा, म्हणजे शरीरातील पेशीजालाचा, स्पर्श परत येत नाही. मग स्पर्शाचे काम डोळ्याला शिकावे लागते, आणि या कसबाचा खरा गाभा इथेच आहे. हलकी ओढ दिल्यावर तंतू विलग होऊन मधली वाट दिसू लागली, तर पुढे जाता येते. ओढीबरोबर श्वासनलिकेची मागची भिंत, जिथे कूर्चेचा आधार नसतो, तीच उचलली जाऊ लागली, तर हात थांबवावा लागतो. किरणांनी रक्तपुरवठा मंदावलेल्या या भिंतीजवळ उष्णतेने कापणारे उपकरण क्षणभर जास्त टेकले, तरी काही दिवसांनी तिथे भोक पडू शकते. आवाजाच्या नसेलगतच्या लसीकाग्रंथी काढताना हीच कसोटी आणखी कडक होते, कारण डावी नस महाधमनीच्या कमानीखालून वळून वर स्वरयंत्राकडे जाते आणि नुसत्या ताणानेही लुळी पडू शकते. ओढ किती द्यायची हे यंत्र सांगत नाही. वाढवून दाखवलेल्या चित्रात अनुभवी नजरेला ते कळते, नवख्याला त्याच चित्रात सगळे सारखेच पांढरे दिसते.

यानंतर जठराची अरुंद नळी करून ती अन्ननलिकेच्या जागी वर ओढली जाते. तिच्या टोकाशी रक्त पोचते का, हे हिरवा चमकणारा रंग शिरेतून देऊन तपासता येते, कारण या टोकाशी घातलेल्या जोडातून गळती होण्याचे भय कोणत्याही तंत्राने पुरते गेलेले नाही.

यंत्राचा लाभ खरा आहे, पण त्याचे माप नीट घ्यायला हवे. उट्रेख्टमधील २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ठरावीक गंभीरतेवरील गुंतागुंती छाती उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर ८० टक्के, तर रोबोटच्या गटात ५९ टक्के रुग्णांत झाल्या; फुफ्फुसाचे त्रास ५८ टक्क्यांवरून ३२ टक्क्यांवर आले. ही तुलना मोठ्या छेदाशी होती, साध्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेशी नव्हे, आणि रोगावरील नियंत्रण दोन्ही गटांत सारखेच राहिले. ज्या चमूला दुर्बिणीने हे काम नीट येते, त्याच्याकडे रोबोट नाही एवढ्यावरून रुग्णाने तिथून उठून जाण्याचे कारण नाही. नातेवाइकांनी यंत्राची चौकशी करण्याआधी हा चमू वर्षाला किती अन्ननलिका काढतो, किरणोपचारानंतरच्या त्यांत किती असतात आणि जोड गळला तर रात्री कोण हजर असते, एवढे तरी अवश्य विचारावे.