आडवी मूर्ती आडवीच राहू दे

प्रिय मुक्ता,

चंद्रपूरजवळच्या लालपेठच्या मूर्तींचे फोटो पोचले. एक विनंती करते. ती दशमुखी मूर्ती तू फोटो फिरवून उभी केलीस, तसं करू नकोस. ती कधी उभी राहिलीच नाही. गोंड राजांच्या काळात रायप्पा नावाच्या श्रीमंत कोमटी व्यापाऱ्याने मोठं देऊळ बांधायचं मनात घेतलं, असं सांगतात. मूर्ती घडल्या, देऊळ झालंच नाही. सुमारे 26 फूट लांब, 18 फूट रुंद अशी ती शिळा तेव्हापासून मातीला पाठ लावून आहे. लोक तिला रावण म्हणतात, जाणकार दुर्गा. फोटोत ती आडवीच राहू दे, भोवतीची जमीनही येऊ दे. शेजारी कुणाला तरी उभं कर, म्हणजे तिचा आकार कळेल.

आडव्या शिळेला सकाळ-संध्याकाळचं ऊन लागतं. ते कडेने घासत येतं आणि प्रत्येक खाच सावली धरते. भरदुपारी तीच मूर्ती सपाट दिसते. देवळाच्या भिंतीचं गणित वेगळं. उत्तरेच्या भिंतीला हिवाळाभर ऊन मिळतच नाही. 21 मार्चनंतर सूर्य थोडा उत्तरेला सरकून उगवायला लागतो, तेव्हा सकाळी त्या भिंतीवर तिरपं ऊन येतं. शिल्प उठून दिसावं म्हणून त्यावर पाणी, तेल, खडू काही लावायचं नाही. कुणी लावत असेल तर अडव.

जुने फोटो किती कामाचे असतात बघ. वैनगंगेकाठच्या मार्कंड्याच्या देवळांचे फोटो जोसेफ बेगलर या पुरातत्त्व खात्यातल्या माणसाने 1873-74 च्या सुमारास काढले. मुख्य देवळाचं शिखर त्याच्या कितीतरी आधी वीज पडून ढासळलं होतं. कोणता दगड तेव्हा जागेवर होता, हे आज पडताळायचं तर ते जुने फोटोच कामाला येतात.

आपल्या राजुऱ्याकडे असं कुणी फिरलेलं मला दिसत नाही. चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूर, इंग्रजांचा होता, वर्धा ओलांडली की निझामाचा मुलूख. 1956 पर्यंत राजुरा हैदराबाद राज्यातच होतं. देवाड्याजवळच्या सिद्धेश्वराच्या देवळाचा किंवा माणिकगड किल्ल्याचा शंभर वर्षांपूर्वीचा फोटो मी शोधते आहे, अजून हाती लागलेला नाही. म्हणून तुझ्या कामाबद्दल मला इतकी तळमळ आहे.

आणि म्हणूनच मागचा देखावा कापू नकोस. सास्तीला कोळशाची खाण आहे, गडचांदूरकडे सिमेंटसाठी चुनखडी काढतात. दगडी देऊळ कदाचित टिकेल, त्याच्यामागची टेकडी, पऱ्हाटीचं वावर, सागाची रांग टिकेलच असं नाही. एक फोटो शिल्पाचा जवळून काढ, पण एक शंभर पावलं मागे जाऊन काढ. बैलगाडी आली, विजेचा खांब आला, तरी असू दे. पुजाऱ्याला विचारल्याशिवाय गाभाऱ्यात कॅमेरा नको.

प्रत्येक फोटोखाली गाव, तारीख, वेळ आणि तुझं तोंड कोणत्या दिशेला होतं, एवढं लिही. ‘जुनं देऊळ, चंद्रपूर’ एवढ्यावर भागवू नकोस. कडेला मोजपट्टी ठेवलीस तर आणखी बरं.

मार्च उलटला की सिद्धेश्वराच्या उत्तरेकडच्या भिंतीपासून सुरुवात कर. मी नागपूरहून आदल्या रात्री येते, पहाटे सोबतच निघू.

तुझी,
आत्या