मळ आणि झीज

नवी कोरी वस्तू मुद्दाम जुनी करून ठेवायची, या उद्योगाला काय म्हणावं असा प्रश्न आमच्या सौ. मला गेली पंधरा वर्षं विचारत आल्या आहेत. भांडी घासून घासून लख्ख ठेवण्यात ज्यांचं आयुष्य गेलं त्यांना हे पटणं कठीणच! मागे एकदा मी विमानांच्या मॉडेल्सबद्दल दोन-चार ओळी लिहिल्या होत्या. तेव्हा काही वाचकांनी, आणि परदेशातल्या माझ्या भाचीनेही, "मामा, हे काय करता ते एकदा नीट लिहा" असं सांगितलं होतं. तर मंडळी, आज तेच लिहितो.

निवृत्तीनंतर पुतण्याने प्लॅस्टिकच्या स्पिटफायरचा एक डबा आणून दिला, तिथून हे वेड लागलं. सुटे भाग चौकटीतून कापायचे, कडा घासायच्या, चिकटवायचे, इथपर्यंतचं काम कुणालाही जमतं. खरी गंमत पुढे आहे. रंग द्यायचा, मग डिकॅल लावायचे, आणि शेवटी विमान 'वापरलेलं' दिसावं म्हणून त्याच्यावर काळाच्या खुणा करायच्या. या शेवटच्या कामाला इंग्रजीत वेदरिंग म्हणतात. मराठीत मला त्यासाठी नेमका शब्द सापडेना. तो कसा सापडला, त्याचीच ही हकीकत.

माझी बहुतेक मॉडेल्स १/७२ मापाची. म्हणजे सहा फूट उंचीचा माणूस बरोबर एक इंचाचा होतो. स्पिटफायर पुरं झालं तेव्हा मी त्याच्या पंखांवर, कडांवर रंग उडाल्याचे चंदेरी ठिपके काढले, पोटाखाली तेलाचे ओघळ सोडले, बंदुकांमागे काजळी धरवली. खडूची पूड करून (खडू हे माझं जुनंच हत्यार!) धूळही बसवली. कपाटात ठेवलं आणि स्वतःवर खूश झालो.

त्या दिवाळीत दादा आला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. आता ब्याऐंशी वर्षांचा आहे. साठच्या दशकात हवाई दलात भरती झाला, एअरफ्रेम फिटर म्हणून. विमान उडवणारा नव्हे, विमान उडण्याजोगं ठेवणारा. त्याने चष्मा वर करून मॉडेल बराच वेळ पाहिलं आणि विचारलं,

"हे विमान कुणी सांभाळत नव्हतं का रे?"

मी म्हटलं, "दादा, लढाईतलं विमान आहे ते."

"लढाईतलं म्हणून काय झालं? इतकं घाणेरडं विमान आम्ही लाइनवर उभं केलं असतं तर आमची धडगत नव्हती. तेल गळतंय म्हणजे कुठूनतरी गळतंय ना? ते शोधायचं की ओघळ बघत बसायचं?"

इतिहास शिकवलेला माणूस मी, मीही गप्प बसणार नव्हतो. जुने फोटो काढून दाखवले. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकच्या बेटांवरची जपानी विमानं पाहा, रंगाचे अक्षरशः पापुद्रे सुटलेले. कारण पुष्कळ विमानांवर खाली प्रायमरचं अस्तर न देता धातूवर थेट रंग मारलेला असे. रशियाच्या आघाडीवर जर्मनांनी हिवाळ्यापुरता धुऊन निघेल असा पांढरा रंग फासला होता, तो महिन्याभरात चट्ट्याचट्ट्यांनी निघून यायचा. स्पिटफायरच्या डाव्या पंखाच्या मुळाशी वैमानिक पाय देऊन चढे, तिथला रंग घासून धातू उघडा पडलेला फोटोत स्वच्छ दिसतो. हे सगळं खरं आहे, मी मनाचं काही काढलेलं नाही.

दादाने फोटो पाहिले. म्हणाला, "पाय देऊन रंग जातो, ते मान्य. पण धूळ कशाला?"

त्या रात्री आम्ही दोघांनी कागद-पेन्सिल घेऊन गणित केलं. मॉडेलवरचा एक मिलिमीटरचा ठिपका म्हणजे खऱ्या विमानावर बहात्तर मिलिमीटर, म्हणजे आमटीच्या वाटीच्या तोंडाएवढं भगदाड! आणि मॉडेल आपण एका फुटावरून, ३० सेंटिमीटरवरून पाहतो म्हणजे खरं विमान साडेएकवीस मीटरवरून पाहतो. तेवढ्या अंतरावरून स्क्रू दिसतो का? दोन पत्र्यांमधली फट दिसते का? ती फट खऱ्या विमानावर दोन मिलिमीटर धरली तर मॉडेलवर एका मिलिमीटरचा छत्तिसावा भाग येते. तरीही आम्ही मॉडेलवाले तिच्यात काळसर रंगाचा वॉश सोडतो, कारण त्याशिवाय डोळ्याला आकार कळत नाही. नाटकात रंगभूषा जरा गडद करतात तसंच हे. ही सवलत दादाने दिली. वाटीएवढ्या भगदाडांना मात्र दिली नाही.

जाताना म्हणाला, "करायचंच असेल तर मिग कर. माझं."

'माझं' म्हणजे काय ते सांगायला हवं. हवाई दलात मिग-२१ आलं १९६३ मध्ये. त्याची एफएल ही आवृत्ती आपल्याकडे नाशिकजवळ ओझरला तयार होऊ लागली. मी त्याच भागातल्या शाळेत मराठी आणि इतिहास शिकवत असे. विमान डोक्यावरून गेलं की कविता मधेच थांबवावी लागे, पोरं खिडकीकडे धावत. दादा मात्र तेव्हा पूर्वेकडच्या एका तळावर त्याच विमानांच्या पोटाखाली आडवा पडलेला असे. १९७१ च्या युद्धात या मिग विमानांनी ढाक्याच्या तेजगाव विमानतळाची धावपट्टी फोडली. १४ डिसेंबरला ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसवर रॉकेट्स डागली तीही गुवाहाटीहून निघालेल्या मिग-२१ नीच.

रंगाच्या दृष्टीने या विमानांची कथा मोठी मजेदार आहे. एफएल विमानं मुळात नुसत्या धातूची, चंदेरी. नाकातला शंकू आणि शेपटीचं टोक तेवढं हिरवं. ऊन पडलं की मैलावरून चमकायची. युद्ध जवळ आलं तेव्हा ही चमक लपवायला त्यांच्यावर घाईघाईने हिरवे-तपकिरी पट्टे मारले गेले. एका स्क्वाड्रनची रंगरंगोटी दुसरीशी जुळत नसे. दादा सांगतो, "नकाशा कुठला नि काय! मिळेल तो रंग, मिळेल तो ब्रश."

म्हणजे पाहा, धातूवर घाईने मारलेला रंग. जपानी विमानांसारखाच तो निघणार! इथे माझी बाजू आपोआप बळकट झाली, आणि दादालाही ते कबूल होतं.

रंग द्यायची रीतही मी तीच ठेवली. आधी सगळं विमान चंदेरी रंगवलं. ते पुरतं वाळल्यावर त्यावर हेअरस्प्रेचा हात दिला (हा डबा माझ्या टेबलावर पाहून नातीची हसून पुरेवाट झाली, माझ्या डोक्यावर केस किती ते तिला ठाऊक आहे!). त्यावर पाण्यात मिसळणारे हिरवे-तपकिरी रंग. मग ओल्या ब्रशने कडेला हलकेच घासलं की खालचा हेअरस्प्रे विरघळतो, वरचा रंग सुटतो आणि आतली चांदी डोकावते. ठिपके वरून 'काढलेले' दिसत नाहीत, रंग खरोखरच गेलेला असतो.

आता डिकॅल. पाण्यात भिजवून सरकवायची ही चित्रं. आधी पृष्ठभागावर चकचकीत वार्निश द्यावं लागतं. खरखरीत रंगावर लावली तर खाली हवा अडकते आणि कडेने चंदेरी झाक येते. केशरी-पांढरं-हिरवं चक्र, शेपटीवरची तिरंगी पट्टी कोमट पाण्यात अर्धा मिनिट ठेवायची, चिमट्याने धरून ब्रशने कागदावरून सरकवायची. मग व्हिनेगरसारखा वास येणारं एक द्रावण लावायचं, त्याने ती मऊ पडून पत्र्याच्या रेघांमध्ये बसतात. तेव्हा त्यांना हात लावायचा नाही. सुरकुत्या पडल्यासारख्या दिसल्या तरी धीर धरायचा, वाळताना आपोआप ताणली जातात.

प्रश्न होता क्रमांकाचा. या विमानांच्या क्रमांकाआधी इंग्रजी 'सी' असतो, पुढे आकडे. डब्यात आलेल्या कागदावर दादाच्या विमानाचा क्रमांक नव्हता. त्याला तो पन्नासहून अधिक वर्षांनंतर तोंडपाठ होता. जोंधळ्याच्या दाण्याहून लहान आकडे वेगवेगळ्या कागदांवरून कापले आणि मास्किंग टेपची सरळ पट्टी लावून एकेक करून तिच्या काठाशी बसवले. दोन्ही बाजूंना मिळून चार संध्याकाळी गेल्या. तो क्रमांक इथे लिहीत नाही. तो दादाचा आहे.

आकडे लावून झाल्यावर दादाला बोलावलं. त्याने बोट न लावता जवळ जाऊन वाचले. मग खुर्चीत बसला आणि जे मला एवढ्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं ते सांगितलं. ते विमान युद्धातून सुखरूप परत आलं होतं. पुढे काही वर्षांनी, सरावाच्या एका उड्डाणात ते कोसळलं. वैमानिक वाचला नाही. दादाची तेव्हा दुसरीकडे बदली झालेली होती, एका जुन्या सोबत्याच्या पत्रातून त्याला कळलं. त्या वैमानिकाला शिडीवरून आत बसवून पट्टे आवळायला त्याने कितीदातरी मदत केली होती.

"का पडलं ते मला कधी कळलं नाही," तो म्हणाला. "आपलं काम त्याच्या कितीतरी आधी संपलं होतं. तरी मी मनात सगळी झाकणं पुन्हा उघडून पाहिली रे, एकेक स्क्रू."

मिग-२१ चे अपघात आपण सर्वांनी वर्षानुवर्षं वर्तमानपत्रांत वाचले. 'उडती शवपेटी' हा शब्द माझ्याही बोलण्यात कधी सहज येऊन गेला असेल. तो दादाच्या कानावर कसा पडत असेल, ते त्या संध्याकाळी जाणवलं. धुळीला, ओघळांना तो इतका का रागावला होता, तेही. त्याच्या लेखी मळकट विमान म्हणजे कुणीतरी लक्ष दिलं नाही.

मग आम्ही दोघांनी मिळून ते विमान जुनं केलं. दादा करंगळीने दाखवायचा, मी ब्रश चालवायचा.

"इथे डाव्या बाजूला शिडी अडकायची. इथला रंग जाणारच."

"ही झाकणं रोज उघडायची. स्क्रू-ड्रायव्हर निसटला की ओरखडा. पण बारीक हं, तुझी ती वाटी नको."

"पंखाच्या मुळाशी आम्ही उभे राहायचो. इथे बुटांनी घासलेलं."

"इंजिन बदलायचं तर शेपटीकडचा अख्खा भाग सोडवून मागे ओढावा लागतो. या जोडावर रंग टिकतच नव्हता. आणि इथे," पोटाच्या कडेला एका जागी त्याचं बोट थांबलं, "इथे मी हात टेकून खाली वाकायचो."

या एफएलमध्ये अंगची तोफ नव्हती, ती पोटाखालच्या वेगळ्या पॉडमध्ये बसवत. तिथे मी काजळी धरायला गेलो तर म्हणाला, "पुसून टाक. उतरल्यावर पहिलं काम तेच असायचं." शेपटीच्या टोकाला, जिथे इंजिनाची आग बाहेर पडते तिथे मात्र तापलेल्या धातूची सोनेरी, तपकिरी, निळसर झाक त्याने मनापासून करू दिली. ती पुसून जात नाही ना!

शेवटी सगळ्यावर मॅट वार्निशचा पातळ हात. पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत दहा सेंटिमीटरही न भरणारं विमान, आणि त्याच्यावर धुळीचा कण नाही, तेलाचा ओघळ नाही. तरी पाहताक्षणी कळतं की हे वापरातलं आहे. मला हवा असलेला मराठी शब्दही तेव्हाच हाती आला. झीज. मळ वेगळा आणि झीज वेगळी. मळ साचतो तो दुर्लक्षाने, झीज होते ती हात लागून. देवळाची पायरी झिजते, पाट्याचा दगड झिजतो, वर्गातल्या टेबलाची कड झिजते. तिथे माणसं होती, एवढंच ती सांगते.

स्पिटफायर अजून माझ्या कपाटात आहे, धुळीसकट. ते मला आवडतं आणि त्यावर आमचा वाद चालूच असतो. मिग दादाकडे आहे. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडमध्ये हवाई दलाने मिग-२१ ला निरोप दिला, तेव्हा त्याने ते टीव्हीशेजारी आणून ठेवलं होतं. शेवटचं विमान उतरलं तरी काही बोलला नाही. थोड्या वेळाने मऊ ब्रश घेऊन त्याने मॉडेलवरची धूळ झटकली आणि ते पुन्हा काचेच्या पेटीत ठेवलं.

असो. बरंच लांबलं. ज्यांना हा छंद करून पाहायचा आहे त्यांना एकच सांगतो. पुस्तकं वाचा, फोटो पाहा, पण तुमच्या घरात किंवा शेजारी कुणी जुना फिटर, मेकॅनिक, ड्रायव्हर असेल तर आधी त्याच्याकडे जा. हात कुठे लागायचा, एवढंच विचारा, आणि तो सांगेल ते लिहून ठेवा.